करपलेला ट्रे घासण्याआधी काय चिकटलंय ते ओळखा

धोंडस करताना पूर्वी टोपाखाली निखारे असत आणि झाकणावरही. किसलेलं तवसं (मोठी काकडी), गूळ, तांदळाचा रवा आणि ओलं खोबरं यांचं मिश्रण दोन्ही अंगांनी सावकाश भाजलं जायचं. घरात ओव्हन यायच्या कितीतरी आधीपासून कोकणात असे भाजून केलेले प्रकार होते, आणि टोपाच्या बुडाला धरलेली खरवडही तेव्हापासूनचीच आहे. आता धोंडस आणि भानोलं ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) होतं, सणासुदीला नानकटाईचे ट्रेच्या ट्रे निघतात, नाताळ आला की वेंगुर्ला-सावंतवाडीकडे केकचे साचे फळीवरून खाली उतरतात. भांडी बदलली, खरवड तीच.

ती काढायची रीतही बदललेली नाही. तारेची घासणी घ्यायची आणि दंड भरून येईस्तोवर घासायचं. "काकी, कितीय घासलंय तरी निघना नाय गे," म्हणत शेजारची सून ट्रे घेऊन येते, तेव्हा तिच्या बोटांची सालं निघालेली असतात, ट्रेभर ओरखडे उठलेले असतात आणि कोपऱ्यातला काळा थर जिथल्या तिथे असतो. मला हे बघवत नाही, कारण यातले बहुतेक कष्ट अनाठायी आहेत. ट्रेला चिकटलेली वस्तू एकच नसते. त्यात जळलेली साखर असते, वाळलेलं पीठ असतं, घट्ट झालेलं तेल असतं आणि कोळसा असतो. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. ज्याला जे लागतं ते दिलं, तर घासायचं काम अगदी शेवटी आणि अगदी थोडं उरतं.

बुडाला लागतं म्हणजे नेमकं काय होतं

धातूचा ट्रे हाताला कितीही गुळगुळीत लागला, तरी सूक्ष्मदर्शकाखाली त्यावर खड्डे आणि चरे दिसतात. ओलं मिश्रण त्या चऱ्यांत उतरतं. तापल्यावर अंड्यातली, दुधातली, डाळीच्या पिठातली प्रथिनं उलगडतात आणि धातूला धरून बसतात. पिठातला स्टार्च आधी पाणी पिऊन फुगतो, मग सुकून कडक होतो. इथवर प्रकरण साधं असतं, कारण बुडाशी पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही. ते पाणी आटलं की मात्र तापमान भराभर चढतं.

टोपाच्या तळाशी केळीचं पान घालायची रीत आहे ती याचसाठी. पान मधे येतं हा एक फायदा झाला. दुसरा त्याहून मोठा. पानात पाणी असतं, आणि त्याची वाफ होऊन जाईपर्यंत बुडाकडून येणारी उष्णता त्या कामी खर्च होते. बटर पेपर मधे येण्याचं काम चोख करतो, पण पाणी देत नाही.

साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखर यांच्यातली एक अभिक्रिया जोर धरते. लुई कामिय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती मायार अभिक्रिया. नानकटाईची सोनेरी कड, पावाची तपकिरी साल, तळलेल्या सुरमईचा खमंगपणा, हे सगळं तिचंच देणं आहे. साखर एकटी तापली तर तिचं कॅरॅमल होतं. नेहमीच्या साखरेला त्यासाठी १६० ते १७० अंश लागतात. फळांतल्या फ्रुक्टोजला ११० च्या आसपासही पुरतात. गुळात साखरेच्या जोडीला थोडं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, आंब्याच्या रसातही असतं. म्हणून गुळाचं धोंडस आणि आटवायला ठेवलेला आमरस साध्या साखरेच्या केकपेक्षा लवकर लागतात. त्यात करणारीच्या हाताचा दोष नसतो.

तापमान २०० च्या वर जाऊन तिथेच रेंगाळलं की सगळ्याचंच विघटन सुरू होतं. हायड्रोजन, ऑक्सिजन वाफेतून आणि धुरातून निघून जातात आणि मागे बहुतांश कार्बन उरतो. तोच कोळसा.

तेलाची गोष्ट निराळी आहे आणि तीच सगळ्यांत कमी माहीत असते. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन या तेलांत असंतृप्त मेदाम्लं भरपूर असतात. तेलाचा पातळ थर तापला की हवेतला ऑक्सिजन या मेदाम्लांच्या साखळ्या एकमेकींना जोडत जातो. सुटे रेणू गुंफले जाऊन त्यांचं जाळं होतं आणि पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. लाकडी होडीला काजूच्या टरफलाचं तेल चोपडून वाळवलं की पाणी न शिरू देणारं कवच तयार होतं, त्यातलाच हा प्रकार. ट्रेच्या कडांना आणि पाठीला दिसणारा तो तांबूस, आधी चिकट आणि पुढे कडक होत जाणारा थर म्हणजे हेच. तो मळ नाही, रोगण आहे. भांड्यांच्या साबणाने तो का हलत नाही त्याचं उत्तरही इथेच मिळतं. साबण सुट्या तेलाच्या थेंबाला वेढा घालून पाण्यात ओढून नेतो. जाळ्यात अडकलेलं तेल त्याला ओढता येत नाही.

खोबरेल तेल यात वेगळं पडतं. त्यातली सुमारे ९० टक्के मेदाम्लं संतृप्त असतात, म्हणजे त्यांच्या साखळ्यांना एकमेकींशी जोडायला जागाच फारशी नसते. त्यामुळे खोबरेल किंवा तुपाचा हात फिरवलेल्या साच्यावर हा चिवट थर खूप हळू बसतो. याच कारणासाठी बिडाचा नवा तवा खोबरेलाने नीट मुरत नाही. तिथे आपल्याला ते रोगण हवंच असतं आणि शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल ते जास्त चांगलं देतं.

आधी ओळख, मग उपाय

ट्रेत गरम पाणी ओतून तासभर ठेवा आणि मग नखाने चाचपून बघा. पाणी तांबूस झालं असेल तर साखर सुटतेय. थर फुगून बुळबुळीत झाला असेल तर पीठ आणि प्रथिनं. पाणी स्वच्छच राहिलं, थर चकचकीत आहे आणि त्यावर नख उमटत नाही, तर ते तेल. काळा, खरखरीत, नखाने टवका उडणारा थर कोळशाचा. बहुतेक वेळा हे सगळे एकावर एक बसलेले असतात: तळाशी तेल आणि प्रथिनं, मधे साखर, वर कोळसा.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. कोळसा घरातल्या कुठल्याच द्रावणात विरघळत नाही. सोड्यात नाही, साबणात नाही, लिंबात नाही. पण तो धातूला थेट चिकटलेला क्वचितच असतो. तो खालच्या साखर, पीठ, तेलाच्या थरावर उभा असतो. त्याच्या पायाखालची जमीन सैल केली की तो स्वतःहून सुटतो. आपण वरून घासत बसतो आणि काम व्हायला हवं असतं खालून. घासणीने दमणं आणि ट्रे तसाच राहणं, यामागे बहुतेकदा हेच असतं.

हर्बर्ट सिन्नर नावाच्या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९५९ च्या सुमारास स्वच्छतेचं एक सूत्र मांडलं, ते आजही धुण्याच्या यंत्रांपासून कारखान्यांपर्यंत शिकवतात. कुठलीही वस्तू साफ व्हायला चार गोष्टी लागतात: वेळ, उष्णता, रसायन आणि घर्षण. एक कमी केली तर दुसरी वाढवावी लागते. आपल्या घरात वेळ आणि उष्णता जवळजवळ फुकट मिळते, तरी आपण सगळा भार घर्षणावर टाकतो. आणि तो भार घरातल्या बाईच्या मनगटावर पडतो.

साखरेच्या थराला तर रसायनही लागत नाही. आमरस आटवताना लागलेल्या टोपात थर बुडेल इतकं पाणी घाला, मंद आचेवर उकळत ठेवा आणि दुसरी कामं करा. कॅरॅमल पाण्यात विरघळतं, कोळसा झालेला भाग तेवढा उरतो. पिठाच्या आणि अंड्याच्या थराला कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि एक रात्र पुरते. यंत्रात भांडी धुण्याची पावडर मिळते तिच्यात प्रथिनं आणि स्टार्च तोडणारी एन्झाइमं असतात. स्टील किंवा काचेचं भांडं असेल तर त्या पावडरच्या कोमट पाण्यात भिजवणं साबणापेक्षा सरस. पाणी कढत नको, एन्झाइमं त्याने निकामी होतात.

सोडा उकळला की

तेलाच्या थरासाठी अल्कली लागते, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा पदार्थ. अल्कली मेदाम्लांचे बंध तोडते आणि त्यांचा साबण करते. साबण बनवण्याचीही हीच क्रिया. ज्याला साबणाने काढता येत नव्हतं, त्याचाच साबण होऊन ते धुतलं जातं.

घरात असते ती अल्कली म्हणजे खाण्याचा सोडा, सोडियम बायकार्बोनेट. थंड पाण्यात त्याचा पीएच (आम्ल-अल्कली मोजायचा अंक; ७ च्या वर अल्कली) सुमारे ८.३, म्हणजे फारच सौम्य. सोड्याची पेस्ट फासून थोडा वेळ वाट बघितली आणि काही झालं नाही, अशी तक्रार असते ती यामुळे. थंड पेस्ट मुख्यतः बारीक पूड म्हणून काम करते, रसायन म्हणून नाही. तोच सोडा पाण्यात उकळला की कार्बन डायऑक्साइड सोडून देतो आणि हळूहळू सोडियम कार्बोनेट होत जातो. हा धुण्याचा सोडा, ज्याचा पीएच ११ च्या वर जातो. पीएचचा एक अंक म्हणजे दहापट फरक, त्यामुळे ८.३ आणि ११.३ यांच्यात हजारपटीचं अंतर आहे. वीस मिनिटांच्या उकळीत हे सगळं अंतर कापलं जात नाही, पण द्रावण बऱ्यापैकी त्या दिशेने सरकतं.

करून बघा. करपलेल्या स्टीलच्या टोपात थर बुडेल इतकं पाणी घ्या, लिटरला दोन मोठे चमचे सोडा टाका आणि बारीक उकळी ठेवा. सुरुवातीला फेस येतो, सोडा टाकताना आच मंद हवी. थोड्या वेळाने पाणी पिवळसर, मग तपकिरी होतं. कडेकडे नीट बघत राहिलात तर काळ्या थराची किनार धातूपासून केसाएवढी सुटलेली दिसते. त्या फटीतून पाणी आत शिरतं, थराखाली बुडबुडे धरतात आणि बुडबुड्यांनीच तो उचलला जातो. लाकडी कालथ्याचं टोक त्या किनारीखाली घातलं की अख्खा पापुद्रा सरकतो. पहिल्या खेपेला सगळा निघाला नाही तर पाणी ओतून द्या आणि नव्या सोड्याने पुन्हा उकळा. जुन्या तपकिरी पाण्यातली अल्कली बरीचशी खर्च झालेली असते.

सपाट ट्रे गॅसवर उकळता येत नाही. तो स्टीलचा असेल तर ओटीजीच वापरा. ट्रेत उकळतं पाणी आणि सोडा घालून १२० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा, गार होऊ द्या, मग काढा. गरम पाण्याने भरलेला ट्रे तसाच बाहेर ओढायची घाई करू नका. पोळण्याचे बहुतेक प्रकार तिथेच होतात. ट्रेच्या पाठीवर थर असेल तर जुनं सुती फडकं गरम सोड्याच्या पाण्यात भिजवून पाठीवर अंथरा आणि वरून ताट झाकून रात्रभर ठेवा. फडकं सुकलं की काम थांबतं, म्हणून झाकण महत्त्वाचं.

तेलाचा थर वर्षानुवर्षांचा असेल तर थेट धुण्याचा सोडा घ्या, पण फक्त स्टीलसाठी आणि हातमोजे घालून. तो मिळाला नाही तर घरी होतो. स्टीलच्या ताटात खाण्याचा सोडा पसरून २०० अंशांवर तासभर तापवला की त्याचं रूपांतर होतं. वजन एक तृतीयांशाहून थोडं अधिक घटतं, कारण तेवढं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो.

चुलीजवळच्या राखेने भांडी घासायची पद्धत आठवत असेल, तर तीही हीच रसायनविद्या होती. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, धुण्याच्या सोड्याचं जवळचं नातलग. कोकणातल्या चुलीत नारळाची सोडणं आणि झावळ्या जळतात, आणि सोडणाच्या राखेत पोटॅश चांगलंच असतं. ओलं सोडण राखेत बुडवून घासलं की अल्कली आणि घासणी दोन्ही एका हातात. भाताच्या तुसाची राख मात्र वेगळी. ती बहुतांश सिलिका, म्हणजे वाळूचाच पदार्थ. ती अल्कली कमी देते आणि खरवडते जास्त. बिडाला आणि जाड लोखंडाला चालते, जर्मनच्या (ॲल्युमिनियमच्या) भांड्यावर चरे पाडते आणि नॉनस्टिकची वाट लावते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र नको

हा उपाय सगळीकडे फिरतो आणि दिसायला फार परिणामकारक दिसतो, कारण फसफसतं. प्रत्यक्षात तिथे अल्कली आणि आम्ल एकमेकांना संपवत असतात. कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ट्रेत सोडियम ॲसिटेटचं पाणी उरतं, जे तेलाचं काही करत नाही. एक मोठा चमचा सोडा पुरता संपवायला ५ टक्क्यांचं साधारण २०० मिलिलिटर व्हिनेगर लागतं. तेवढं ओतलंत तर दोन्ही वाया. फेसाने सैल कण हलतात हे खरं, पण तेवढं काम कढत पाण्याची धारही करते.

आम्लाला स्वतंत्र जागा आहे. चिंच, आमसूल, लिंबू, बिंबलं यांचं काम धातूच्या डागांवर चालतं: तांब्यावरचा काळपटपणा, पाण्याचे पांढरे क्षार, लोखंडावरचा गंज. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं आणि ते गंजाला चांगलं उचलतं. तेल आणि कोळसा यांच्यासमोर ही मंडळी निरुपयोगी. वापरायचीच असतील तर सोड्याची पाळी संपवून, ट्रे धुऊन, मग.

भांडं कशाचं आहे ते पाहून

जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांबाबत सगळ्यांत जास्त काळजी घ्यायला हवी, कारण आपले बहुतेक केकचे साचे त्याचेच असतात. ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच त्याचं रक्षण करतो. हा थर साधारण पीएच ४ ते ८.५ एवढ्यातच टिकतो. तीव्र आम्लात विरघळतो, अल्कलीतही विरघळतो. म्हणून सोड्यात उकळलेला जर्मनचा साचा काळवंडतो. खाण्याच्या सोड्याची पाच-सात मिनिटांची उकळी त्याला सोसते. धुण्याचा सोडा अजिबात नको. त्याच्यासाठी मुख्य औषध म्हणजे साबणाचं गरम पाणी आणि भरपूर वेळ. काळवंडलाच, तर चिंचेच्या कोळाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. चिंचेतलं टार्टारिक आम्ल तो काळा थर उचलतं आणि साचा पुन्हा पांढरा दिसतो. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्यांवर हाच ऑक्साइड मुद्दाम जाड बसवलेला असतो, त्यामुळे सोडा त्यांचाही शत्रू.

कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, काही ओव्हन क्लीनरमध्ये असतो आणि मोरी तुंबली की ओततात त्या पावडरमध्येही. तो ॲल्युमिनियमवर पडला की धातू खातो आणि हायड्रोजन वायू सोडतो, जो पेट घेतो. कातडी आणि डोळे त्याने कायमचे दुखावतात. साच्यांसाठी तो घरात आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

स्टील सगळ्यांत सोशीक. सोडा, साबण, उकळी, काहीही चालतं. त्याला एकच गोष्ट सोसत नाही: मीठ घातलेलं पाणी तासन्‌तास तसंच राहणं. मिठातल्या क्लोराइडमुळे स्टीलच्या संरक्षक थराला बारीक भोकं पडतात आणि ती बुजत नाहीत. खाडीकाठच्या विहिरींचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. तेव्हा स्टीलचं किंवा जर्मनचं भांडं त्यात रात्रभर भिजत ठेवू नका, आणि घासायला टाकलेलं जाडं मीठ ट्रेत ओलं सोडून झोपू नका.

बिडाच्या तव्याची आणि लोखंडी ट्रेची रीत उलटी आहे. त्यांच्यावरचं रोगण ही त्यांची कमाई. सोड्यात उकळलं की ती कमाई धुपून जाते आणि घावणे चिकटायला लागतात. तवा कोमट असताना कालथ्याने खरवडा, चमचाभर जाडं मीठ आणि थोडं तेल टाकून फडक्याने घासा, धुवा, लगेच गॅसवर कोरडा करा आणि तेलाचा हात फिरवा. आपल्या खाऱ्या, दमट हवेत लोखंडाला गंज चढायला पावसाळ्यातली एक रात्र पुरते, म्हणून यातली कुठलीही पायरी सकाळवर ढकलू नये. तव्यावर वर्षांची पुटं चढली असतील तर तो चुलीच्या निखाऱ्यात उलटा घालतात, हे शास्त्रशुद्ध आहे: ५०० अंशांच्या आसपास कोळसा हवेतल्या ऑक्सिजनबरोबर जळून वायू होतो. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९६३ साली आणलेला स्वतः साफ होणारा ओव्हन याच तत्त्वावर चालतो. निखाऱ्यातून काढलेला तवा आपोआप गार होऊ द्या, वर पाणी टाकलंत तर बीड तडकतं, आणि नंतर तो नव्याने मुरवावा लागतो. आपला ओटीजी २३० ते २५० अंशांपर्यंतच जातो, त्यात कोळसा जळत नाही, आणखी बसतो.

नॉनस्टिक साच्याला मऊ स्पंज आणि वेळ, बास. त्याचं आवरण साधारण २६० अंशांच्या वर खराब होऊ लागतं, म्हणून रिकामा साचा गॅसवर तापवून करपलेलं "जाळून टाकायचा" प्रयोग करू नका. आवरणाचे पापुद्रे निघायला लागले असतील तर तो साचा साफ करण्यात अर्थ उरलेला नाही. कल्हई केलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्याचंही असंच: कथील २३२ अंशांना वितळतं, कोरडं तापवलंत की कल्हई गेली. काचेच्या भांड्याला सोडा चालतो, तारेची घासणी नाही, आणि गरम असताना गार पाणी तर नाहीच.

खरवडायला काय घ्यावं? माझी पसंती करवंटीच्या तुकड्याला. नारळ फोडल्यावर जो वक्र तुकडा मिळतो त्याची कड साच्याच्या गोलाईत अचूक बसते, स्टीलवर तिचा ओरखडा उठत नाही आणि झिजली की चुलीत टाकता येते. जर्मनवर हात हलका ठेवा. नॉनस्टिकवर करवंटीही नको. सपाट ट्रेसाठी लाकडी कालथा किंवा जुनं प्लॅस्टिकचं कार्ड चांगलं. तारेची घासणी फक्त स्टीलच्या तळाला, आणि तीही सोड्याच्या उकळीनंतर उरलेल्या चार ठिपक्यांपुरती. तिने पाडलेल्या प्रत्येक चऱ्यात पुढच्या वेळचं मिश्रण उतरणार आहे, हे विसरून चालत नाही.

तपकिरी राहिलं तर राहू दे

बायकांना सगळ्यांत जास्त त्रास होतो तो ट्रे पुन्हा आरशासारखा लख्ख व्हावा या हट्टाचा. हा हट्ट सोडावा, असं मी मनापासून सांगते. खरखरीत काळा थर काढायलाच हवा, कारण तो पुढच्या वेळी धूर करतो, कडवट वास देतो आणि टवके होऊन पदार्थात येतो. पण गुळगुळीत, न सुटणारी, हाताला चिकट न लागणारी तपकिरी छटा म्हणजे पक्कं झालेलं तेल आहे. ती अन्नात उतरत नाही. उलट गडद पृष्ठभाग ओव्हनची उष्णता चकचकीत पृष्ठभागापेक्षा जास्त शोषतो, त्यामुळे नानकटाईचं बूड छान रंगतं. फक्त एवढं ध्यानात ठेवा की जुन्या गडद ट्रेत पदार्थ थोडा लवकर होतो. वेळ दोन-तीन मिनिटांनी कमी धरा किंवा ट्रे एक खण वर सरकवा. विक्रीसाठी ट्रेमागून ट्रे काढणाऱ्या बचत गटांनी तर हे कटाक्षाने पाळावं, नाहीतर नव्या आणि जुन्या ट्रेमधली बिस्किटं वेगवेगळ्या रंगाची निघतात.

चिकट लागणारी छटा मात्र अर्धवट पक्कं झालेलं तेल असते. तिच्यावर धूळ बसते, पावसाळ्यात खवट वास येतो. ती सोड्याने काढा.

दोन गोष्टी कधीही करू नका. संडास साफ करायचं ॲसिड ट्रेवर ओतू नका; त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल ॲल्युमिनियम आणि स्टील दोन्ही खातं. आणि ब्लीचमध्ये कुठलंही आम्ल किंवा अमोनिया मिसळू नका. पहिल्यातून क्लोरीन वायू निघतो, दुसऱ्यातून क्लोरामाइन, आणि दारं-खिडक्या लावलेल्या पावसाळ्यातल्या मोरीत दोन्ही जिवावर बेततात.

राहिलं ते वापरलेलं पाणी. आपल्याकडे मोरीचं सांडपाणी परसातल्या अळवाला, केळीला किंवा माडाला जातं. खाण्याच्या सोड्याचं एखाद्या वेळचं पाणी बाकीच्या सांडपाण्यात मिसळून गेलं तर काही बिघडत नाही. धुण्याच्या सोड्याचं दाट, गरम पाणी मात्र अळवाच्या वाफ्यात सोडू नका. त्यातला सोडियम मातीत साठतो, माती घट्ट होते आणि पानं कडेने जळतात. ते पाणी आधी गार करा, दोन-तीन बादल्या साध्या पाण्यात मिसळा आणि झाडांपासून लांब ओता.